मारावा की राहू द्यावा? सापांशी वागण्याचा दोनशे वर्षांचा हिशेब

पावसाळ्याचे पहिले चार-दोन आठवडे गेले की शाळेच्या आवारात एकदा तरी साप निघतो. बागेत तण काढताना, पाण्याच्या टाकीमागे, नाहीतर सरपणाच्या ढिगात. मुले ओरडतात, शिपाई काठी घेऊन धावतो आणि गुरुजींना किंवा बाईंना एका मिनिटात निर्णय घ्यावा लागतो. पुढच्या तासाला शिकवायचे असते, ‘साप हा शेतकऱ्याचा मित्र आहे.’ मघाशी काठीखाली मेला तो मग कोण होता, असे एखाद्या मुलाने विचारले तर?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधणार आहोत. प्रश्न जुनाच आहे. सरकारने, डॉक्टरांनी आणि शेतकऱ्यांनी गेली दोनशे वर्षे तो निरनिराळ्या प्रकारे सोडवून पाहिला. इतका मोठा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत करता आला नसता. त्यातले पुष्कळसे निकाल कागदावर नोंदलेले आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत.

कोळ्यांचा सोपा हिशेब

बागेतल्या नकोशा पाहुण्यांत सापाबरोबर कोळ्याचेही नाव घेतले जाते. त्याचा निकाल लवकर लागतो. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असते, पण ते किड्यांसाठी. आपल्याकडच्या बागेतल्या कोळ्यांपासून माणसाच्या जिवाला धोका नसल्यातच जमा आहे. उलट बाजूला, जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे आणि इतर बारीक जीव खातात, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

कोळी नाहीसे झाले तर काय होते हेही पाहून झाले आहे. १९७० नंतरच्या दशकात इंडोनेशियात भातावर कीटकनाशकांचा भरपूर वापर झाला. फवारणीने तुडतुडे मेले, आणि त्यांना खाणारे कोळीही मेले. तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठात सुरक्षित राहिली. ती फुटली तेव्हा खाणारे कोणी उरले नव्हते. फवारलेल्या शेतातच तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होऊ लागला. अखेर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली.

तेव्हा कोळ्याला राहू द्यावे, यात शंका नाही. सापाचे तसे नाही. तिथे फायदाही खरा आहे आणि धोकाही खरा आहे. म्हणूनच त्याचा हिशेब किचकट आहे.

पहिली पायरी: ओळख

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर १७८१ मध्ये भारतात आला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रच्या किनाऱ्यावर राहिला. साप चावून माणसे मरतात हे सर्वांना ठाऊक होते. नेमका कोणता साप चावून मरतात, याबद्दल मात्र प्रत्येकाचे मत वेगळे होते. रसेलने साप गोळा केले, त्यांची चित्रे काढवून घेतली, कोंबड्यांना आणि कुत्र्यांना दंश करवून परिणाम नोंदवले. १७९६ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने ज्या विषारी सापाची काळजीपूर्वक नोंद केली त्याला आज इंग्रजीत त्याचेच नाव आहे. तो म्हणजे आपली घोणस.

रसेलच्या कामातून हाती लागलेली गोष्ट साधी होती. बहुसंख्य साप निरुपद्रवी आहेत आणि थोडेच जीवघेणे आहेत. आज भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती ठाऊक आहेत. सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू त्यांपैकी चौघांच्या नावावर आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ही ओळख लोकांपर्यंत पोहोचली असती तर पुढचे शतक कदाचित वेगळे गेले असते. घडले मात्र दुसरेच.

डोक्याला बक्षीस

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील जोसेफ फेरर या शल्यचिकित्सकाने सर्पदंशाचे मृत्यू मोजायचे ठरवले. निरनिराळ्या प्रांतांकडून त्याने १८६९ सालचे आकडे मागवले. सुमारे बारा कोटी लोकवस्तीच्या प्रदेशात त्या एका वर्षात ११,४१६ माणसे साप चावून मेल्याची नोंद मिळाली. खरा आकडा याहून मोठा असणार, हे त्यालाही ठाऊक होते. त्याने प्रचारात असलेली औषधे आणि विष शोषून घेणारे म्हणून विकले जाणारे दगड प्राण्यांवर तपासले. एकही उपयोगी ठरले नाही. १८७२ मध्ये त्याने भारतातील विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

औषध नाही, तर उपाय काय? फेररचा उपाय दुहेरी होता. चित्रांवरून लोकांना विषारी साप ओळखायला शिकवावे, आणि ते मारणाऱ्याला सरकारने बक्षीस द्यावे. यातला पहिला भाग अवघड होता, दुसरा सोपा. सरकारी यंत्रणेने सोपा भाग उचलला. बक्षिसाची पद्धत काही जिल्ह्यांत त्याआधीपासूनच सुरू होती. आता ती देशभर पसरली.

यातले सर्वात नोंद घेण्यासारखे उदाहरण आपल्या कोकणातले आहे. रत्नागिरीचा जांभा दगडाचा सडा म्हणजे फुरशांचे माहेरघर. हा साप हातभर लांबीचा, पण चिडका. वेटोळे एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो आणि क्षणात चावतो. दिवसा तो दगडाखाली पडून असतो, त्यामुळे दगड उलटत जाणाऱ्याला सहज सापडतो. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाचा दर वाढवला गेला, तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून अधिक साप मारून आणले गेले. रत्नागिरीत काम केलेले सनदी अधिकारी आणि सापांचे अभ्यासक जी. डब्ल्यू. व्हिडल यांच्या नोंदीनुसार सहा वर्षांची सरासरी दर वर्षाला सव्वादोन लाखांच्या घरात होती.

हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखा आहे. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग होता. क्षेत्रफळ साधारण दहा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला बावीस-तेवीस साप. एका वर्षी तेवढे मारले, आणि सरासरीने पाहता पुढच्या वर्षीही तेवढेच मिळाले. नुसत्या सरासरीवरून संख्या वाढत होती की घटत होती हे सांगता येत नाही, हे मुलांना जरूर सांगावे. पण सहा वर्षे इतकी मोठी सरासरी टिकते, याचा अर्थ साप संपत आले नव्हते, एवढे नक्की.

हिशेब का जुळला नाही?

१८८० नंतरच्या दशकात सरकारी अहवालांत दरवर्षी दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत साप मारल्याचे आकडे येत. सर्पदंशाने मेलेल्या माणसांचा आकडा मात्र वीस हजारांच्या आसपासच राहिला. असे का झाले, याची कारणे आज सापांच्या जीवनक्रमावरून समजतात.

पहिले कारण पुनरुत्पादनाचे. फुरसे आणि घोणस अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. फुरशाला एका वेळी चार-पाचपासून पंधरा-वीसपर्यंत, तर घोणशीला अनेकदा वीस ते चाळीस पिल्ले होतात. त्यांतली बहुतेक एरवी मरतात. मोठे साप मारल्याने जागा आणि भक्ष्य मोकळे झाले की त्यांतली जास्त जगतात. ज्या कारणासाठी साप तिथे होता ते कारण, म्हणजे उंदीर, बेडूक, पाली, दगडांच्या फटी, तसेच राहिले तर दुसरा साप येतोच.

दुसरे कारण जागेचे. बक्षिसासाठी साप मारणारा माणूस जिथे साप सहज मिळतात तिथे जातो. माणसे मात्र चावली जातात ती घरात, अंगणात, शेताच्या बांधावर. सड्यावरची हजार फुरशी मारली तरी कोठीतल्या उंदरामागे आलेली घोणस तशीच राहते. देशभराचे आकडे पाहिले तर ही विसंगती आणखी ठळक दिसते. मारलेल्या सापांचा मोठा वाटा मुंबई इलाख्यातला होता, तर मृत्यूंचा मोठा वाटा बंगाल आणि वायव्य प्रांत यांसारख्या गंगेच्या खोऱ्यातल्या मुलखाचा.

तिसरे कारण ओळखीचे. डोके ठेचलेला साप विषारी की बिनविषारी, हे ठरवणारा माणूस कचेरीत क्वचितच असे. त्यामुळे धामण, दिवड, कवड्या असले बिनविषारी साप मारले जाण्याला आळा बसला नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. दिल्लीत इंग्रज सरकारने नागांना बक्षीस लावले, लोक बक्षिसासाठी नाग पाळू लागले, बक्षीस बंद होताच त्यांनी ते सोडून दिले आणि नाग पूर्वीपेक्षा वाढले, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सांगतात. जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट झीबर्ट यांच्या २००१ सालच्या पुस्तकापासून ती फारच प्रसिद्ध झाली. गोष्ट बोधप्रद आहे, पण तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार दाखवला गेलेला नाही. तशाच प्रकारची नोंदलेली घटना हनोईतली, १९०२ ची आणि उंदरांची. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस होते, म्हणून लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत. इतिहास शिकवताना छान गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांतला फरक दाखवण्यासाठी ही जोडी उपयोगी पडेल. बक्षिसाची पद्धत फसली हे सिद्ध करायला दिल्लीची गोष्ट लागत नाही. त्याला कोकणातले आकडे पुरेसे आहेत.

मुंगूस सोडून पाहिले

माणसाला जमत नाही तर मुंगसाकडून साप मारून घ्यावेत, ही कल्पनाही आजमावून झाली आहे. जपानच्या दक्षिणेकडील अमामी ओशिमा बेटावर हाबू नावाचा विषारी साप आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी १९७९ मध्ये तिथे सुमारे तीस मुंगूस सोडण्यात आले. मुंगूस दिवसा हिंडतो, हाबू रात्री. दोघांची गाठ फारशी पडलीच नाही. मुंगसांनी त्याऐवजी त्या बेटावरचा, जगात इतरत्र फारसा कोठे न आढळणारा, काळा ससा आणि इतर दुर्मीळ प्राणी खाल्ले. मुंगसांची संख्या हजारांवर गेली. मग मुंगूस हटवण्याची मोहीम काढावी लागली आणि २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. साप होते तिथेच आहेत.

कोणता प्राणी कोणत्या वेळी काय खातो, एवढा प्राथमिक प्रश्न आधी विचारला असता तर पंचेचाळीस वर्षांचा हा खटाटोप टळला असता.

परळची प्रयोगशाळा

मृत्यू रोखण्याचा खरा मार्ग दुसऱ्याच दिशेने सापडला. १८९१ मध्ये सायगावजवळच्या एका गावात पुरामुळे नाग शिरले आणि चाळीस जणांना चावले. त्यांतील चौघे दगावले. तिथून पकडलेले नाग आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचले. प्राण्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत टोचली की त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे पदार्थ तयार होतात, आणि ते दुसऱ्याला देऊन वाचवता येते, हे त्याने १८९४ मध्ये दाखवले. पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बर्त्राँ यांनीही त्याच वर्षी हेच दाखवले. हे प्रतिविष. आपण बोलताना याला ‘सापाची लस’ म्हणतो, पण लस आधी टोचून ठेवतात आणि प्रतिविष दंश झाल्यावर देतात, हा फरक लक्षात ठेवावा.

काल्मेतची समजूत अशी होती की नागाच्या विषावर बनवलेले प्रतिविष सर्व सापांवर चालेल. ती खोडून काढणाऱ्या प्रयोगांपैकी महत्त्वाचे प्रयोग मुंबईत झाले. वाल्देमार हाफकिन यांनी स्थापन केलेल्या प्लेग संशोधनाच्या परळ येथील प्रयोगशाळेत जॉर्ज लँब या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला भारतीय सापांची विषे तपासली. नागाचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि श्वास थांबवते, घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषावर निरुपयोगी ठरले. ज्या सापाचे विष, त्याचेच प्रतिविष हवे. म्हणजे रसेलचा ‘कोणता साप?’ हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा पुढे आला.

हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर एकत्र चालणारे प्रतिविष पुढे तिथे तयार होऊ लागले. डॉक्टर दंश झालेल्या रुग्णाला चावलेला साप कोणता ते न विचारताही उपचार सुरू करू शकतात, ते यामुळे. त्यासाठी घोड्यांना टोचायला विष लागते आणि विषासाठी जिवंत साप लागतात. एका शतकात ज्या फुरशाच्या मेलेल्या डोक्याला सरकार पैसे देत होते, तेच फुरसे पुढच्या शतकात जिवंत हवे झाले. याच संस्थेतील डॉ. पु. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये भारतीय सापांवर पुस्तक लिहून हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला.

कातडी, कायदा आणि इरुळा

त्या काळात सापांना दुसराच धोका होता, कातड्यांच्या व्यापाराचा. धामण, नाग, अजगर यांची लाखो कातडी परदेशी जात. तमिळनाडूतील इरुळा ही साप पकडण्यात निष्णात असलेली आदिवासी जमात या व्यापारावर पोट भरत होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि पुढे सर्पकातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. साप वाचले, पण इरुळांचे काय? रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि साप पुन्हा सोडून देतात. देशातील प्रतिविषाचे बरेचसे विष तिथून येते.

यातही लँबचा धडा पुन्हा गिरवावा लागत आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. तमिळनाडूतल्या सापांच्या विषावर बनवलेले प्रतिविष दूरच्या मुलखातल्या दंशावर तितकेच परिणामकारक असेल असे नाही. ते तपासायचे आणि सुधारायचे, तर त्या त्या मुलखात साप शिल्लक असायला हवेत.

महाराष्ट्रात सापाविषयीची भीती कमी करण्याचे मोठे काम सर्पोद्यानांनी केले. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नाने सुरू झाले. साप दिसला की मारायचा, याऐवजी कोणाला तरी बोलवायचे, ही सवय शहरांत रुजली. ‘सर्पमित्र’ हा शब्द आता घरोघरी ठाऊक आहे.

मित्र कोणाचा?

इथवर वाचून वाटेल की उत्तर मिळाले: साप राहू द्यावा. पण एक आकडा अजून बाकी आहे.

बराच काळ असे मानले जात होते की सर्पदंशाने आता फारशी माणसे मरत नाहीत. रुग्णालयांच्या नोंदींत वर्षाला एक-दोन हजारच मृत्यू दिसत. मग संशोधकांनी देशभरातल्या निवडक घरांत जाऊन, घरातली माणसे कशाने गेली ते विचारले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २००५ या एका वर्षात सुमारे ४६ हजार मृत्यूंचा अंदाज निघाला. त्यांतले ९७ टक्के ग्रामीण भागातले. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात एकूण बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू दाखवले. निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. यांतले बहुतेक रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणून नोंदीत नव्हते.

फेररच्या १८६९ च्या आकड्यांवरून लाखामागे नऊ-दहा मृत्यू येतात. आजचे आकडे लाखामागे चार-पाच येतात. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने तुलना ढोबळ आहे. तरीही दीडशे वर्षांत, प्रतिविष हाती असताना, प्रमाण जेमतेम निम्म्यावर आले, ही गोष्ट मान खाली घालायला लावणारी आहे.

म्हणून ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ या वाक्याकडे आम्ही पुन्हा पाहायला सांगतो. धामण उंदरांच्या बिळात शिरते, तिथे मांजर शिरू शकत नाही. धान्य वाचते, उंदरांमुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिससारखा आजार कमी होतो. हा फायदा खरा. तो मिळतो ज्याची शेती आहे त्याला. धोका मात्र अनवाणी भात लावणाऱ्या, अंधारात गवत उचलणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. फायदा एकाला आणि दंश दुसऱ्याला, असे अनेकदा होते. नुसते ‘मित्र’ म्हणून गप्प बसणे त्या दुसऱ्यावर अन्याय करणारे आहे, आणि ‘शत्रू’ म्हणून मारत सुटल्याने तो वाचत नाही, हे रत्नागिरीने दाखवलेच आहे. चावलेल्या माणसाला दोन्ही वाक्यांत जागा नाही.

उचलून दूर सोडणे

मधला मार्ग म्हणून साप पकडून दूर जंगलात सोडतात. यात मन शांत होते, पण सापाचे काय होते? अमेरिकेत रॅटलस्नेकना रेडिओ यंत्रे बसवून केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दूर नेऊन सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले, आपल्या जागी राहिलेल्यांत हे प्रमाण साधारण नऊमागे एक होते. आपल्याकडे कर्नाटकात अगुंबे येथे दूर सोडलेला नागराज कितीतरी जास्त भटकला. सापाला आपल्या परिसरातली बिळे, पाणी, भक्ष्य ठाऊक असते. नव्या जागी तो उघड्यावर हिंडत राहतो, कदाचित दुसऱ्याच्या अंगणात शिरतो. रिकाम्या झालेल्या आपल्या बागेत तर नवा साप यायचाच. घरात किंवा वर्गात विषारी साप शिरला असेल तर तो जाणकाराकडून काढून जवळच्याच मोकळ्या जागी सोडणे योग्य. बागेच्या कडेने जाणाऱ्या धामणीसाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही.

मग बागेत काय करायचे?

दोनशे वर्षांचा हिशेब आम्हाला असे सांगतो: साप हटवण्यापेक्षा साप आणि माणूस यांची गाठ पडण्याच्या जागा हटवाव्यात. इमारतीलगत विटा, फरशा, पालापाचोळा साठू देऊ नये. सरपण भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच रचावे. खरकटे व धान्य झाकून ठेवावे, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि त्यांच्यामागे सापही येणार नाही. दाराखालच्या फटी व सांडपाण्याची तोंडे बंद करावीत. बागकामाला बूट, दगड उलटायला हात नव्हे तर काठी, आणि रात्री बॅटरी.

मण्यार रात्री घरात शिरून झोपलेल्याला चावतो. त्याचा दंश बहुधा दुखतही नाही. नेपाळच्या तराईत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका बराच कमी असल्याचे दिसले. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांनी बक्षिसाच्या लाखो डोक्यांपेक्षा जास्त जीव वाचतील, असे आम्हाला वाटते.

दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, मंत्र, मुळ्या यांत वेळ घालवू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला ताबडतोब प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, त्या खटपटीत दुसऱ्याला दंश होतो. आपल्या गावाला सर्वात जवळचे असे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

वर्गासाठी एक काम. चार विषारी साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप यांच्या चित्रांच्या जोड्या मुलांकडून लावून घ्या: नाग व धामण, मण्यार व कवड्या, घोणस व डुरक्या घोणस, फुरसे व मांजऱ्या. फरक मुलांनीच शोधावेत. मण्याराचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात, हे त्यांना चित्रावरून सापडेल. मग शाळेच्या आवाराचा नकाशा काढून उंदीर, अडगळ, फटी आणि अंधार असलेल्या जागांवर खुणा करायला सांगा. ओळख चित्रांवरच करायची, जिवंत सापाच्या जवळ जाऊन नव्हे, एवढे बजावून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात साप निघेल तेव्हा काठी आणायला धावायचे की मुलांना मागे घेऊन त्याला वाट द्यायची, हा निर्णय त्या नकाशावरून आणि त्या चित्रांवरून घेता आला पाहिजे.